रेणूची बाराखडी
बालवाडीतल्या सगळ्या टोप्यांवरचे हिरवे दिवे एकदम विझले, तशी तेजल उठून पुढे आली. टोप्यांमधून वर्गातल्या मुलांच्या डोक्यात एका दमात भरायची बाराखडी तिच्या लेकीपाशी, रेणूपाशी येऊन अडली होती.

"काही दोष आहे का हो तिच्यात?"

"छे हो ताई!" ऑपरेटर परब म्हणाले. "सॉफ्टवेअर खुलं, फुकटचं असलं तरी पक्कं आहे. एकच नोंद दोनदा घेत नाही. हिच्या डोक्यात बाराखडी आधीच आहे. कुठून भरून आणलीत?"

"कुठूनच नाही. स्कूटरवर पुढे उभी राहून दुकानांच्या पाट्या वाचत असते."

"बरं, ती पुसतो आणि सगळ्यांबरोबर नव्याने भरतो."

एरवी रेणूच्या एका शिंकेवर डॉक्टर गाठणाऱ्या तेजलने लेकीची टोपी स्वतःच्या हाताने काढली.

"हात लावू नका. ती बाराखडी तिची तिने कमावलीय. बाकीच्यांना भरा."