बिनकुऱ्हाडीची मोळी

बापाला मातीआड करून तीन महिने झाले, तरी जेर्लांदो त्याच्या थडग्याचा दगड पुरा करत नव्हता. पोटचा पोरगा, त्यातून हातात पाथरवटाची कला, आणि गावभरचे दगड तासायला त्याला वेळ होता! शाळेच्या दारावरची मोळी, पालिकेच्या कमानीवरची मोळी, हौदावरची मोळी. युद्ध संपल्यापासून काळ्या सदऱ्यावाल्या फासिस्टांची ही खूण तो जिथे दिसेल तिथे खरवडत होता. घरी आला की मान खाली घालून चण्याचं कालवण ओरपायचा आणि आईची नजर चुकवून झोपायचा.

म्हणून आज त्याची आई अग्रिपिना स्वतःच त्याच्या पडवीत येऊन उभी राहिली. दगड भिंतीला टेकवलेला होता. वर बापाचं, लिबोरियोचं नाव, खाली वीतभर जागा कोरी.

“मोळी इथे,” तिनं बोट ठेवलं. “मरताना त्यानं दुसरं काही मागितलं नाही. पाद्रीसुद्धा नाही.”

“आई, लोक थुंकतील त्यावर.”

“थुंकू देत. त्याला चौकात बसवून एरंडेल पाजलं, तेव्हा हेच लोक खिडक्या लावून बसले होते.”

“आणि पाजणाऱ्यांच्या छातीवर काय होतं? हीच मोळी ना?”

“त्यांच्या मोळीत कुऱ्हाड होती. आमच्यात नव्हती.”

तिनं चुलीतला कोळसा उचलला आणि कोऱ्या जागेवर स्वतःच ओढायला लागली. उभ्या काटक्या, मध्ये दोरी. लिहिता येत नव्हतं, पण हे येत होतं. सिसिलीतल्या खाणमजुरांनी आणि कुळांनी पहिल्यांदा संघटना बांधली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. लाल कापडावर पिवळ्या दोऱ्यानं तिनं हीच मोळी भरली होती. एक काटकी मोडते, मोळी मोडत नाही, असं लिबोरियो ओरडायचा. गंधकाच्या धुरानं बसलेला त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा नाही, तरी ओरडायचा. वर्षभरात राजाच्या शिपायांनी गोळ्या घातल्या आणि संघटना मोडली. झेंडा तिनं गादीत शिवून ठेवला.

“तुमच्याही आधी ती रोमची होती,” जेर्लांदो म्हणाला. “दोन हजार वर्षांपूर्वी बड्या अधिकाऱ्यापुढे शिपाई ती घेऊन चालायचे. फटक्यांसाठी काठ्या, मुंडक्यासाठी कुऱ्हाड. मास्तरांनी आम्हाला तोंडपाठ करायला लावलं होतं.”

“आम्ही ती कुऱ्हाड काढून टाकली होती.”

“त्यांनी परत खोचली, आई. लोकांना शेवटचंच आठवतं.”

“सगळ्यांना नाही,” अग्रिपिना म्हणाली.

तेवढ्यात व्हेनेरा तिला शोधत आली. दोघी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला बरोबर जायच्या. पोरवयापासूनची गट्टी. अग्रिपिनाला हुरूप आला.

“बरी आलीस! सांग ह्या शहाण्याला. झेंड्याची डावी बाजू कोणी भरली होती?”

“मी,” व्हेनेरा हसत म्हणाली. “आणि उजवीपेक्षा सरळ भरली होती.”

मग तिचं लक्ष दगडाकडे गेलं. ती जवळ आली. एका काटकीवर तिनं बोट टेकवलं आणि भाजल्यासारखं मागे घेतलं.

“माझा तुरिद्दू रशियात लढायला गेला होता, तेव्हा पत्र आलं ना,” ती म्हणाली, “सरकारी. मला कुठे वाचता येतंय? पण कागदाच्या वर ही होती. पाद्रीबाबांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं, पोरगं गेलं.”

“त्यात कुऱ्हाड असेल गं,” अग्रिपिना म्हणाली.

“असेल. मी काटक्याच बघत बसले होते.” व्हेनेरानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. “कोरू नको म्हणत नाही मी. लिबोरियो सोन्यासारखा माणूस. पण मग मला त्याच्या थडग्याशी बोलवू नकोस, एवढंच.”

ती गेली. जेर्लांदो छिन्नीच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिला.

अग्रिपिनानं काळ्या झग्याच्या घोळानं दगड पुसायला घेतला. दोरी पुसली, काटक्या पुसल्या. कोळसा दगडाच्या बारीक छिद्रांत बसला होता, तो निघेना. जेर्लांदो पाण्याची बादली घेऊन आला, तर तिनं कोपरानं त्याला मागे सारलं. पुसून पुसून जागा करडी पडली.

“मग काय कोरू?” त्यानं हळूच विचारलं. “क्रूस?”

“काही नको. राहू दे तशीच.”

ती दारापर्यंत गेली. तिथे चौकटीला धरून थांबली आणि मागे वळली.

“तुझं बरोबर होतं, जेर्लांदो,” ती म्हणाली. “पण मरेपर्यंत मी तुला माफ करायची नाही.”