पाठमोरी

साहेबांच्या सांगण्यावरून चित्रकाराने कारखान्याच्या कँटीनमधल्या भिंतीवर सुखी नगर रंगवलं. सगळी माणसं समोर बघून हसणारी. ते नगर त्यालाही हवंहवंसं वाटलं. तरी कोपऱ्यातली एक बाई त्याने मुद्दाम पाठमोरी काढली.

दुसऱ्या दिवशी सगळे भिंतीकडे तोंड करून जेवत होते. पॅकिंगमधल्या फटकळ मावशी तेवढ्या भिंतीकडे पाठ करून बसल्या होत्या.

“तुझी ती माणसं बघत बसली की घास उतरत नाही रे बाबा,” त्या म्हणाल्या. त्याला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मावशीही भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

“मावशी, जागा बदललीत?”

“नाही रे. मी रोज इथेच बसते,” त्या गोड आवाजात म्हणाल्या.

त्याने भिंतीकडे पाहिलं. पाठमोरी बाई वळून हसत होती. रंग खडखडीत वाळलेला होता, आणि ब्रशचे फटकारे त्याच्याच हातचे होते.

तो तडक घरी गेला. बायकोने जेवणाचं टेबल कोऱ्या भिंतीला लावलं होतं. दोन्ही खुर्च्या भिंतीकडे तोंड करून, शेजारी शेजारी.

“हे कधी हलवलंस?”

“असंच तर असतं,” भिंतीवरची नजर न काढता ती हसली. “बसा ना. सगळे कधीचे थांबलेत.”