मेला उंदीर

हातमोजे घालून टाइप करता येत नाही, ही औषध शोधणाऱ्या शास्त्रज्ञांची जुनी कुरकुर. म्हणून प्रयोगशाळेतली इलेक्ट्रॉनिक नोंदवही सुधारली. आता नुसतं बोलायचं. वही आपणच लिहून घेते आणि त्याचा गोषवारा तडक साहेबांच्या फोनवर धाडते. एकदा लिहिलेलं मात्र ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही.

तिथल्या ज्येष्ठ शास्त्रज्ञ अक्कांनी शोधलेलं सांधेदुखीवरचं औषध उंदरांवरच्या शेवटच्या चाचणीत होतं. एक जरी उंदीर दगावला, तरी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. औषध पाजून झाल्यावर अक्कांनी एकाला वजन करायला उचललं, तर त्याने बोटाला कडकडून चावा घेतला.

"अगं बाई गं! मेला उंदीर!" अक्का कळवळल्या.

लगेच साहेबांचा फोन. "अक्का, घात झाला! औषध दिलं आणि उंदीर मेला?"

"अहो, मेला म्हणजे तसा मेला नाही हो! माझी आपली बोलायची सवय."

"तोंडी काही सांगू नका. वहीत येईल तेच खरं. औषध बाद!"

अक्कांनी रडकुंडीला येऊन पिंजऱ्याकडे बोट केलं, जसं काही साहेबांना फोनमधून दिसणारच होतं. "अहो, जिवंत आहे मेला! चांगला टुणटुण उड्या मारतोय!"

वहीने इमानेइतबारे तेही टिपलं आणि नवा गोषवारा धाडला: 'मेलेला उंदीर जिवंत. उड्या मारतो.'

साहेबांनी तो वाचला. मग साहेबांचा अगदी दबका आवाज आला.



"अक्का, सांधेदुखीचं राहू द्या. डोस किती दिला होतात?"