मूळ फाईल

"मॅडम, आता एंटर दाबू का?" गोजरबाईंनी फोनवर विचारलं.

सत्यशीलानं त्यांना थांबायला सांगितलं. ती जालन्याच्या दवाखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत बसली होती आणि गोजरबाई तीर्थपुरीच्या शाखेत, सर्व्हरसमोर. त्या सर्व्हरमध्ये दुरून शिरायचे नियम एका फाईलीत लिहिलेले होते. सकाळी सत्यशीलानं कुणाला न विचारता त्यातली एक ओळ बदलली आणि दार बंद झालं. आता तीर्थपुरीहून बाळंतपणासाठी आणलेली बाई वर ऑपरेशनच्या टेबलावर होती. तिच्या रक्ताचा रिपोर्ट त्या बंद दाराआड होता. डॉक्टरांचे दोन निरोप येऊन गेले. ओळ आपणच बदलली, हे तिनं कळवलं नव्हतं.

तिथला कॉम्प्युटर सांभाळणारा मच्छिंद्र लग्नाला गेला होता, फोन लागत नव्हता. शाखेत होत्या फक्त झाडलोट करणाऱ्या गोजरबाई. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, पण औषधांच्या बाटल्यांवरून अक्षरं ओळखू यायची. मच्छिंद्रनं मूळ फाईलची एकच प्रत बाजूला ठेवली होती. ती बिघडलेल्या फाईलीवर चढवायची, एवढंच काम. सत्यशीला एकेक अक्षर सांगत गेली, बाई शोधून शोधून दाबत गेल्या.

"दाबा," ती शेवटी म्हणाली.

बाई थांबल्या. "एक इचारते. ह्या दोन्हीतली चांगली कोणती अन् नासकी कोणती?"

सत्यशीलानं समोरच्या कागदावर लिहिलेली आज्ञा पुन्हा वाचली आणि "थांबा, दाबू नका," म्हणाली. नावं उलटी सांगितली होती. नासकी फाईल चांगलीवर चढली असती. मूळ प्रत कायमची गेली असती.

ओळ पुसून त्यांनी पुन्हा लिहिली. मग तपासणीची आज्ञा दिली. पडद्यावर काहीच उमटलं नाही, म्हणजे फाईल बरोबर होती. दोन मिनिटांत जालन्यात रिपोर्ट उघडला. तो हातात देताना सत्यशीलानं डॉक्टरांना सकाळच्या ओळीचंही सांगून टाकलं.

संध्याकाळी तिनं तीर्थपुरीला फोन लावला. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं कळवलं आणि चूक कशी लक्षात आली, ते विचारलं.

"माझ्या कुठं आली लक्षात?" गोजरबाई म्हणाल्या. "मला त्यातलं काईच कळत न्हाई. तुमचा आवाज लई कापून राह्यल्ता. वाटलं, लेकराला जरा दम खाऊ द्यावा. म्हणून काईबी इचारलं."