आधीचा तुकडा

टेबलावर दोन फोटो शेजारी शेजारी आले, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या मावशींनी आधी चष्मा पुसला. दोन्ही फोटो सूक्ष्मदर्शकातून काढलेले, त्यांच्याच मांडीच्या स्नायूचे होते, पण ओळख पटावी असं त्यांत काही दिसत नव्हतं. नुसते राखाडी पट्टे, आणि पट्ट्यांच्या मधे काळपट दाणे.

"हे दाणे म्हणजे तंतुकणिका," प्रयोगशाळेतली संशोधक मुलगी सांगू लागली. "स्नायूला लागणारी ताकद इथे तयार होते. वय झालं की या कमी होत जातात. तुम्ही सहा महिने इथे सायकल मारलीत, त्याच्या आधी मांडीतून काढलेला स्नायूचा एक तुकडा आणि नंतरचा एक, त्यांचे हे फोटो. कोणता आधीचा ते मलाही माहीत नाही. मोजताना माझं मन एका बाजूला झुकू नये म्हणून सरांनी ते या पाकिटात बंद करून ठेवलंय."

"तुकडा काढल्यावर जो टाका घातलात ना, तो सैल होता," मावशी म्हणाल्या. "तेव्हा बोलले नाही."

शेजारच्या खुर्चीत त्यांचा मुलगा रुमालाने मान पुसत होता. लिफ्ट बंद असल्यामुळे दोघांना तीन मजले चढून यावं लागलं होतं, आणि दहा मिनिटं झाली तरी त्याच्या छातीचा भाता थांबला नव्हता. आजच्या निकालावर मायलेकांचं ठरलेलं होतं. मावशी चौथ्या मजल्यावर एकट्या राहत, तिथे लिफ्टचं नावच नाही. मुलाने त्यांच्यासाठी तळमजल्यावरची एक खोली बघून ठेवली होती. पायांत फरक पडला नसेल, तर मावशींनी कुरकुर न करता तिथे जायचं. खिडकी त्या खोलीलाही होती, पण समोर भिंत. सुईत दोरा ओवायला भर दुपारी दिवा लावावा लागला असता.

मुलीने पाकीट हातात घेतलं.

"थांब," मावशी म्हणाल्या. "मी सांगते."

त्यांनी फोटो उजेडाकडे धरले. गिऱ्हाइकाचा कपडा किती धुतलेला आहे, ते त्या हात न लावता सांगत आल्या होत्या. एका फोटोत दाणे विरळ होते, काही फुटल्यासारखे, मधे मोकळी जागा. दुसऱ्यात ते ओळीने ठासून भरले होते.

मावशींनी भरलेल्या फोटोवर बोट ठेवलं. "हा आधीचा. वीण बघ कशी घट्ट आहे. आणि हा नंतरचा. सहा महिने घासघास घासला, विरला. कापड वापरलं की विरणारच. तुझा काही दोष नाही, पोरी."

मग त्या मुलाकडे वळल्या. "घे ती खोली. मशीन नेताना वरचा पाट वेगळा काढ, नाहीतर जिन्यात अडकेल." आवाज सरळ होता, पण चष्मा त्यांनी पुन्हा पुसायला घेतला.

मुलाचंच म्हणणं खरं ठरलं होतं, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही. "राहू दे ग, आई. बघू नंतर."

मुलीने पाकीट फोडलं. कागद वाचला, फोटोंच्या मागचे आकडे ताडून पाहिले, पुन्हा वाचला. तिला हसू आवरेना.

"मावशी, उलटं आहे."

"काय उलटं?"

"विरलेला तो आधीचा. भरलेला नंतरचा."

"नीट वाच."

"तीनदा वाचलं."

मावशींनी भरलेला फोटो हातात घेतला आणि पोत बघावा तसा अंगठा त्यावरून फिरवला. पन्नास वर्षांत इतकी मोठी चूक त्यांच्याकडून झाली नव्हती, आणि इतका आनंदही कुठल्या चुकीने दिला नव्हता.

"घासून भरणारं कापड," त्या म्हणाल्या. "मला कुणी आणून दाखवलंच नाही आजवर." आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मुलाचा जीव भांड्यात पडला. त्याने लगेच फोन काढला. "मग त्या खोलीवाल्याला नको म्हणून कळवून टाकतो."

मावशींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या शर्टाची शिवण त्यांनी या वर्षात दोनदा सैल करून दिली होती. पोटावरचं बटण पुन्हा ताणलं होतं, आणि भाता अजून चालूच होता.

"कळवू नकोस," त्या म्हणाल्या. "तुला लागेल."