चार फूट सात इंच

सहा आठवड्यांत जाळीला सात भोके पडली आणि सातही जमिनीपासून चार फूट सात इंचांवर होती.

नाथा सरांनी दर वेळी टेप लावून खात्री करून घेतली होती. छत्तीस वर्षे नांदगावला विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि मुलाकडे, भारतकडे, इंदिरानगरला राहायला आले. सकाळी आठ ते बारा ते एका खाजगी क्लासमध्ये शिकवत. मोजल्याशिवाय मत बनवायचे नाही, ही सवय त्यांनी तेवढी सोडली नव्हती.

घरामागचे कुंपण म्हणजे कललेल्या लोखंडी अँगलांना ताणलेल्या गंजक्या काटेरी तारा. पलीकडे नवसाबाईंचा शेवंतीचा मळा. सून मनीषा मागच्या अंगणात धुणे धुवायची आणि फुले तोडता तोडता मळ्यातली माणसे तिच्याकडे बघायची.

"तिला अवघडल्यासारखं होतं, नाना," भारत म्हणाला होता.

सरांना ते पटले. १९९९ची दिवाळी झाल्यावर त्यांनी सहा फूट उंचीची हिरवी जाळी आणली आणि स्वतः उभे राहून तारांवर ताणून बांधून घेतली. मनीषा एवढेच म्हणाली, "उजेड कमी होईल, नाना."

पलीकडून नवसाबाई ओरडल्या, "मास्तर, ताजमहाल झाकताय का काय?"

"तुमची दृष्ट लागू नये म्हणून!"

"तुमचा कुठं इस्वास हाय दृष्टीवर!"

दोघेही हसले होते.

पहिले भोक पाचव्या दिवशी दिसले. तळहाताएवढे. सरांनी ते नायलॉनच्या दोऱ्याने शिवून टाकले. मग दुसरे पडले, तेही शिवले. सातवे दिसले तेव्हा भारतचा संयम संपला.

"बकरी काय शिडी लावून चढते का, नाना? तो समाधान आहे, नवसाबाईंचा. पंचविशीचा घोडा झालाय, काम ना धंदा. येत्या रविवारी पत्रेच ठोकतो, आठ फुटी. मग बघू कोण कुणाला बघतं."

"आधी कारण कळू दे," सर म्हणाले.

"कारण मला माहिती आहे."

सरांना मात्र माहीत नव्हते, आणि जे कळत होते ते बरे नव्हते. जाळी प्लास्टिकची होती. कात्रीने कापली असती तर धागे सुटले असते. इथे कडा वितळून मण्यांसारख्या घट्ट झाल्या होत्या, म्हणजे काहीतरी तापवून लावले होते. ते मणी मळ्याच्या बाजूला वळले होते, म्हणजे भोके अंगणातून पाडली होती. अंगणापासून चार पावलांवर स्वयंपाकघरातला गॅस होता. समाधान सहा फुटांच्या आसपास होता. चार फूट सात इंच ही पाच फुटी माणसाच्या डोळ्यांची पातळी. मनीषा पाच फुटांची होती.

हे त्यांनी भारतला सांगितले नाही. तरणी सून आणि पलीकडचा तरणा मुलगा, एवढ्या दोन गोष्टींवरून तिच्या नावाला कायमचा डाग लागला असता.

त्यांनी तिलाच विचारले. ती भाकऱ्या थापत होती.

"मनीषा, भोकं कोण पाडत असेल?"

"उंदीर असतील, नाना."

"चार फूट सात इंचांवर?"

"मग उंच उंदीर असतील." तिने भाकरी तव्यावर टाकली. "तुम्ही मात्र फार घट्ट शिवता हो."

त्या दुपारी सरांनी सातही तारखा कॅलेंडरवर पाहिल्या. भारत अंबडच्या एका कारखान्यात होता. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. सातही भोके दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांतली होती, म्हणजे भारत सकाळी घरी असतानाची. चोरून कुणाला भेटणारी बाई नवरा घरी असतानाचीच वेळ निवडणार नाही. संशयाला आधार उरला नाही. सरांना हायसे वाटले. पण मग भोके कशासाठी, याचे उत्तर काही मिळेना.

हाही आठवडा दुसऱ्या पाळीचाच होता. शुक्रवारी त्यांनी क्लास अर्ध्यावर सोडला आणि घरी न जाता ते मागच्या रस्त्याने मळ्यात शिरले. समाधान दूर टोकाला पाणी धरत होता. त्याची पाठ जाळीकडे होती. जाळीला डोळे लावून उभ्या होत्या त्या नवसाबाई. भोक आठवे होते.

"काय बघताय, बाई?"

नवसाबाई दचकल्या नाहीत. "सांगायचं नाय म्हणून पोरीनं शपथ घातलीय. दाखवायचं नाय, अशी नाय घातली." त्या बाजूला झाल्या. "बघा."

सर वाकले.

अंगणात भारतने मनीषाचे केस मुठीला गुंडाळून तिचे डोके धुण्याच्या दगडावर दाबून धरले होते. ती ओरडत नव्हती. तिचे डोळे भोकाकडे लागले होते.

सरांना हाक मारायची होती. नवसाबाईंनीच त्यांना सरकवून भोकाला तोंड लावले आणि मोठ्याने विचारले, "मनीषा, देवाला फुलं देऊ का गं?"

भारतची मूठ उघडली. त्याने शर्ट नीट केला आणि जाळीकडे बघून तो हसला. "द्या की, मावशी."

नवसाबाई सरांकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला होता.

"नुसत्या तारा होत्या तवा एवढं बी करावं लागत नव्हतं, मास्तर. आम्ही समोर दिसायचो, म्हणून त्याचा हात उठतच नव्हता."