मुदत उलटल्यावर

"परवानगी नाकारली," वकील मांडकेबाई कोर्टाबाहेरच्या बाकाजवळ येऊन म्हणाल्या. "गर्भपाताची मुदत उलटली आहे आणि गर्भ निरोगी आहे. मूल नको असेल तर जन्मानंतर सरकार सांभाळेल, असं न्यायमूर्ती म्हणाले."

रडायचंही त्राण शुभदात उरलं नव्हतं. मारहाणीला कंटाळून तिने नवऱ्याचं घर सोडलं आणि माहेरी आल्यावर कळलं, की दिवस गेलेत. एका दवाखान्याने नवऱ्याची सही मागितली, दुसऱ्याने पोलिसांकडे पाठवलं, आणि त्या हेलपाट्यांत पोट वाढत गेलं. शेजारी बसलेली आई पहिल्यापासून एकच सांगत होती, मूल झालं की जावई सुधारतील. आता हिच्या मनासारखं झालं, असं शुभदाला वाटलं.

आई खालच्या आवाजात म्हणाली, "तू पोटात होतीस म्हणून मी तुझ्या बाबांकडे परत नांदायला गेले. ते काही सुधारले नाहीत."

घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं.

"दिल्लीला सुप्रीम कोर्टात जाता येईल," मांडकेबाई सवयीने आईकडे बघून म्हणाल्या. "जायचं का?"

"मला काय विचारता?" आई म्हणाली. "तिला विचारा."

शुभदाला खरं तर फक्त झोप हवी होती. तिने क्षणभर डोळे मिटले.

"जाऊ या," ती म्हणाली, आणि उठण्यासाठी तिने आईचा हात धरला.